सॉक्समधलं कुसळ

एकदा ट्रेकवरून परत आल्यावर मी बूट लगेच धुवायला न काढता पांढऱ्या कागदावर उलटे करून झटकले, नुसतं बघायला की काय काय निघतं. सुकलेली माती निघाली, ती निघणारच होती. मग मुंगीचा एक पंख, केसासारखं काहीतरी, दोन बारीक काळ्या बिया, कसलं तरी फोलपट, आणि सॉक्सच्या विणीत घट्ट रुतून बसलेली गवताची कुसळं. कुसळ नखाने ओढलं की तुटतं आणि टोक आतच राहतं, त्याला चिमटाच लागतो. एका सॉक्समधून अकरा निघाली. भिंगातून बघितलं तर बी असलेलं टोक अणकुचीदार आणि त्यावर मागे वळलेले ताठ केस, म्हणजे आत घुसायला सोपं आणि बाहेर यायला अवघड. ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि या फिरण्यातून ते बी जमिनीत स्क्रूसारखं घुसवतं. मी ओला कापूस लावून बघितला, खरंच फिरतं ते, डोळ्यासमोर, सावकाश.

हे सगळं चाललं होतं कारण मी एक सायन्स फिक्शन कथा लिहायला घेतली होती. एक दार, पलीकडे ज्युरासिक काळातलं खोरं, माणसाचा पाय कधी न लागलेलं, आणि पाच जणांची टीम. पाचही जण चांगली माणसं. त्यांना तिथून काही लुटायचं नाहीये, बघायचंय, समजून घ्यायचंय आणि हे जग चुकीच्या माणसांच्या हातात पडू द्यायचं नाहीये. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी मी त्यांना दार ओलांडायला लावलं आणि तिथेच लिहिणं थांबलं, कारण माझ्या लक्षात आलं की ज्युरासिक काळात गवत नव्हतं. फुलणाऱ्या झाडांचे खात्रीचे जीवाश्म मिळतात ते साधारण १३ कोटी वर्षांपूर्वीपासून आणि गवत तर त्याच्याही बरंच नंतरचं. म्हणजे माझ्या टीममधल्या एकाच्या सॉक्समधलं एक कुसळ तिथे गळून पडलं, ओल लागून फिरलं आणि रुजलं, तर ज्या जगात जमीन मुख्यतः नेच्यांनी आणि शेवाळाने झाकलेली आहे तिथे वरून खाल्लं तरी बुडातून परत फुटणारी, वाऱ्यावर परागण करणारी, आग लागून गेली की सगळ्यांच्या आधी वर येणारी वनस्पती आली. तिला खाणारे किडे, तिच्यावर पडणारे रोग, तिला रोखणारं काहीच तिथे नाही. डायनासोर वाचवायला गेलेल्या माणसांनी डायनासोरांच्या पायाखालची जमीनच बदलून टाकली, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. या प्रकारच्या कथांबद्दल बोलताना आपण शोध आणि रक्षण हे दोन शब्द एका दमात म्हणतो, जणू शोधायला गेलेला माणूस चांगला असला की रक्षण आपोआप झालंच. मला हे पटत नाही. माणूस कितीही चांगला असो, त्याच्या श्वासात, पोटात आणि बुटात जे असतं ते त्याचा हेतू विचारून बाहेर पडत नाही. म्हणून कोण जातंय यापेक्षा किती जण जातायत, कधी जातायत आणि काय काय साफ करून जातायत हे प्रश्न मोठे आहेत, आणि दारापाशी पोचूनही थांबणं, उशीर करणं, यालाही धाडस म्हणायची सवय आपल्या कथांनी आपल्याला लावायला हवी होती. ती लावलेली नाही.

या कथांचा साचा जुना आहे. आर्थर कॉनन डॉयल यांची 'द लॉस्ट वर्ल्ड' १९१२ साली आली, त्यात दक्षिण अमेरिकेतल्या एका उंच पठारावर डायनासोर टिकून राहिलेले असतात आणि चार जण तिथे पोचतात. ते परत येताना काय आणतात बघा: हिरे आणि एक जिवंत टेरोडॅक्टिल, जो लंडनमध्ये सभेतून उडून जातो. आणि पठारावर असताना ते तिथल्या वानरमानवांच्या आणि माणसांच्या भांडणात बंदुका घेऊन उतरतात आणि एक अख्खी जमात जवळजवळ संपवतात. पुस्तकात हा विजय म्हणून येतो. मी हे पुस्तक आवडीने वाचलंय, त्यातला थरार आजही खरा वाटतो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकाला आजच्या कोर्टात उभं करण्यात मला रस नाही. पण साचा तिथे पक्का झाला तो झालाच. जा, हल्ला होऊ दे, जीव वाचवून पळ, आणि पुरावा म्हणून काहीतरी उचलून आण.

खरी पठारंही आहेत ना तशी. व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना यांच्या सीमेवरचं रोराइमा, चारी बाजूंनी सरळ कडे, वर पहिल्यांदा चढाई झाल्याची नोंद १८८४ ची. वर डायनासोर नाहीत, पण जगात दुसरीकडे कुठे न सापडणाऱ्या वनस्पती आहेत आणि एक छोटासा काळा बेडूक आहे जो उड्या न मारता संथ चालतो. त्याच्यासाठी कोणी कादंबरी लिहिली नाही. मला विचाराल तर आदिम जगाचं खरं रूप हेच आहे, मोठे दात कमी आणि असले हळू चालणारे, लपायला फार न शिकलेले जीव जास्त.

नंतरच्या काळात या कथांमध्ये रक्षणाचा धागा आला हे मान्य. आता हिरो शिकारी नसतो, शास्त्रज्ञ असतो, आणि व्हिलन असते एखादी कंपनी किंवा सैन्य, ज्यांना तिथलं खनिज पाहिजे, अंडी पाहिजेत, औषध पाहिजे. शेवटी कंपनी हरते, हिरो दार बंद करतो, आपल्याला बरं वाटतं. मलाही वाटतं. पण हाच हिरो तीनशे पानं त्या जगात फिरलेला असतो, तिथे झोपलेला असतो, तिथलं पाणी प्यायलेला असतो, झाडाआड जाऊन आलेला असतो, आणि याचा हिशोब कथेत कुठेच नसतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही असं आपण म्हणतो, इथे तर कुसळ अक्षरशः हिरोच्या पायात आहे. लोभी माणसाला व्हिलन केलं की बाकीचे सगळे आपोआप सुटतात, ही या कथांची सगळ्यात सोयीस्कर आणि सगळ्यात चुकीची गोष्ट.

कारण खऱ्या इतिहासात व्हिलन फार उशिरा येतो. १७४१ साली रशियासाठी नव्या प्रदेशांचा शोध घेणाऱ्या बेरिंग या दर्यावर्दीच्या मोहिमेचं जहाज रशियाच्या पूर्वेला एका ओसाड बेटावर फुटलं. माणसं स्कर्व्हीने मरत होती, स्वतः बेरिंग त्याच डिसेंबरमध्ये तिथेच वारला. त्यांच्यात स्टेलर नावाचा निसर्ग अभ्यासक होता आणि त्याने किनाऱ्यालगत समुद्री शेवाळ चरणारे प्रचंड प्राणी बघितले, आठ-नऊ मीटर लांबीचे, शांत, माणसाला न घाबरणारे. समुद्रगाय म्हणतात ती हीच. त्याचं वर्णन वाचताना एका जागी मी दर वेळी थांबते: एका मादीला मारून किनाऱ्यावर ओढून आणलं होतं आणि तिचा नर दोन दिवस लागोपाठ परत परत किनाऱ्याशी येत राहिला, जणू तिची चौकशी करायला. ही माणसं लोभी नव्हती हो, उपाशी होती, आणि त्या मांसाने त्यांचा जीव वाचला, फुटलेल्या जहाजाच्या फळ्यांची बोट करून ती १७४२ मध्ये घरी परतली. पण परतताना त्यांच्याकडे समुद्री ऑटरची, म्हणजे पाणमांजराची, कातडी होती, ती बघून पुढचे शिकारी निघाले, आणि वाटेतलं अन्न म्हणून समुद्रगाय मारत गेले. १७६८ नंतर तिची नोंद नाही. पहिल्यांदा वर्णन झाल्यापासून २७ वर्षं. आधीच ती त्या एकदोन बेटांपुरती उरली होती हे खरं, पण उरली होती. तिचं शास्त्रीय वर्णन आपल्याकडे आहे ते ज्या माणसामुळे, त्याच माणसाच्या सोबत्यांनी तिथपर्यंतचा रस्ता उघडला. शोध आणि नाश एकाच बोटीतून आले, यात कोणाला व्हिलन म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मारायला तरी कशाला पाहिजे, नुसता श्वास पुरतो. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली, हजारो वर्षं बंद राहिलेली, भिंतींवर घोडे आणि बैल अगदी काल रंगवल्यासारखे. १९४८ ला लोकांसाठी उघडली. दिवसाला हजार-बाराशे माणसं यायची, प्रेमाने, कौतुकाने, भिंतीला हातही न लावता. फक्त श्वास घ्यायची. त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ती वाफ, ती अंगाची उष्णता, त्यातून भिंतींवर हिरवं शेवाळ चढलं आणि चुन्याचे पांढरे थर यायला लागले. १९६३ ला गुहा बंद करावी लागली, पंधरा वर्षं फक्त. आणि बंद केल्यावरही त्रास संपला नाही, पुढे बुरशी आली, काळे डाग आले. एकदा बिघडलेला समतोल दार लावून परत येत नाही हे तिथे शिकायला मिळालं. म्हणून १९९४ मध्ये फ्रान्समधलीच शोवे गुहा सापडली तेव्हा शोधणारे तिघे जण सुरुवातीपासून जपून वागले, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून त्यावरूनच चालले, कारण खाली गुहेतल्या अस्वलांच्या कवट्या होत्या आणि मऊ मातीत जुने ठसे होते. ती गुहा लोकांसाठी कधीच उघडली नाही, २०१५ पासून जवळच हुबेहूब प्रतिकृती आहे, लोक ती बघतात. अंधारात, जगातल्या सर्वात जुन्या चित्रांपैकी काही समोर असताना, उत्तेजनाने हात थरथरत असताना, खाली वाकून प्लॅस्टिक अंथरणारा माणूस. मला हा सीन कुठल्याही डायनासोरच्या पाठलागापेक्षा जास्त थरारक वाटतो.

आइसलँडजवळचं सुर्त्से बेट १९६३ मध्ये समुद्रातून ज्वालामुखीने वर आलं, स्फोट १९६७ पर्यंत चालले आणि त्याच्या आधीच, १९६५ ला, बेटाला कायद्याचं संरक्षण मिळालं. फक्त मोजक्या शास्त्रज्ञांना परवानगी. रिकाम्या जमिनीवर जीवसृष्टी कशी येते ते अगदी पहिल्यापासून बघायची ही संधी होती, पक्ष्यांच्या पोटातून, वाऱ्यावरून, लाटांवरून काय काय येतं याची नोंद ठेवायची. आणि तिथे एके दिवशी टोमॅटोचं रोप उगवलेलं सापडलं. कोणीतरी तिथेच शौचाला बसलं होतं आणि बी पोटातून आलं होतं. रोप उपटलं, नोंद केली, विषय संपला. पण विचार करा, जगातल्या सगळ्यात कडक बंदी असलेल्या जागांपैकी एक, येणारे सगळे प्रशिक्षित, आणि तरीही. ज्याच्या हातून हे झालं त्याच्यावर मी हसू शकत नाही, माझ्या सॉक्समधून अकरा कुसळं निघालीत.

अंटार्क्टिकात व्होस्तोकचं तळं आहे, जवळजवळ पावणेचार किलोमीटर बर्फाखाली, २५० किलोमीटर लांब, लाखो वर्षं वरच्या जगापासून तुटलेलं. रशियन टीमने फेब्रुवारी २०१२ मध्ये ३७६९ मीटर खोलीवर ते गाठलं. दशकांची मेहनत होती ती, पृथ्वीवरच्या सगळ्यात थंड जागांपैकी एका जागी, जिथे उणे ८९.२ अंश नोंदवलं गेलंय. त्यांच्या जिद्दीला मी मनापासून मानते. पण भोक गोठून बुजू नये म्हणून त्यात केरोसीन आणि फ्रिऑन नावाचं रसायन भरलेलं होतं, आणि वर आलेल्या नमुन्यात मिळालेले जीव तळ्यातले की ड्रिलिंगच्या द्रवातले यावर वाद सुरू झाला. म्हणजे ज्या प्रश्नासाठी तिथे गेलो तोच प्रश्न जाण्याच्या पद्धतीने गढूळ झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकन टीमने व्हिलन्स नावाच्या दुसऱ्या, बर्फाखाली ८०० मीटरवरच्या तळ्यात गरम पाण्याने भोक पाडलं, ते पाणी गाळून आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाशातून काढून, आणि तिथे सूक्ष्मजीव मिळाले तेव्हा त्यावर विश्वास ठेवता आला. तीच उत्सुकता, तोच बर्फ, फरक फक्त आधी काय धुतलं यात.

आता कोणी म्हणेल, मग काय, जायचंच नाही का? सगळं कुलूप लावून ठेवायचं? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण यात तथ्य आहे. रोमानियात काळ्या समुद्राजवळ मोव्हिले नावाची गुहा आहे, सुमारे ५५ लाख वर्षं बाहेरच्या जगापासून बंद असलेली, आत ऑक्सिजन बाहेरच्या निम्म्याहूनही कमी, हायड्रोजन सल्फाइडचा वास, संपूर्ण अंधार, आणि त्यात सूर्याशी काडीचा संबंध नसलेली जीवसृष्टी, रसायनांवर जगणारे जीवाणू आणि त्यांच्यावर जगणारे आंधळे, रंगहीन किडे, गोगलगायी, जळवा. ही गुहा १९८६ मध्ये सापडली ती वीजकेंद्रासाठी जागा तपासताना पाडलेल्या भोकामुळे. बघायला कोणी आत उतरलंच नसतं तर आज तिच्यावर काँक्रीट असतं. जे माहीतच नाही ते वाचवणार कसं? बरोबर आहे. मी उत्सुकतेच्या विरोधात नाहीये, उत्सुकता नसती तर यातलं एकही जग आपल्याला प्रिय झालं नसतं. माझा मुद्दा पुढचा आहे. मोव्हिले सापडल्यावर तिथे तिकीटखिडकी लागली नाही, आत जाणाऱ्यांची संख्या अगदी मोजकी ठेवली, आणि तरीही तिच्यातल्या जिवांबद्दल जगाला कळलं. एक माणूस आत जाणं आणि हजार माणसं आत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एकच नाव देऊन वाद घालू नये.

माझ्या मते रक्षणाची सगळ्यात सुंदर खरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. १९९४ मध्ये डेव्हिड नोबल नावाचा पार्क रेंजर सिडनीच्या वायव्येला वॉलेमी राष्ट्रीय उद्यानातल्या एका अरुंद घळीत दोराने उतरला आणि तिथे त्याला न ओळखता येणारी झाडं दिसली, चाळीस मीटरपर्यंत उंच, सालीवर बुडबुडे आल्यासारखी. नऊ कोटी वर्षं जुन्या जीवाश्मांशी नातं सांगणारी वॉलेमी पाइन, आणि मोठी झाडं शंभराहून कमी. आदिम जग म्हणतो ते हेच की, एका घळीत मावणारं. मग काय केलं? जागा गुप्त ठेवली, आजही आहे. आणि त्याच वेळी बिया आणि फांद्यांपासून रोपं वाढवून २००६ च्या सुमारास ती जगभर विकायला सुरुवात केली, म्हणजे ज्याला हे झाड पाहिजे त्याने ते कुंडीत लावावं, घळीत चोरायला जाऊ नये. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण लोकांच्या प्रेमाला नुसतं नाही म्हणून भागत नाही, त्याला दुसरी जागा द्यावी लागते. तरीही २००५ मध्ये घळीत मुळं कुजवणारा फायटॉफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोगजंतू सापडला, आणि संशय आहे तो परवानगीशिवाय आलेल्या कोणाच्या तरी बुटांवर. परत बूट! त्या माणसाला झाडं आवडतच असणार, नाहीतर इतकी खटपट करून तो तिथे कशाला गेला असता?

मग २०१९-२० चे ते भयंकर वणवे आले. हेलिकॉप्टरमधून अग्निशमन दलाची माणसं त्या घळीत उतरवली, त्यांनी झाडांभोवती पाण्याची सिंचनव्यवस्था बसवली, वरून विमानांनी आगरोधक टाकलं, आग कडेपर्यंत आली, काही झाडं भाजली, पण बहुतेक वाचली. आणि हे सगळं होईपर्यंत जाहीर केलं नव्हतं, जागा कळू नये म्हणून. धूर, दोर, पाइप, नऊ कोटी वर्षांचं वय आणि तोंड बंद ठेवायची शपथ. याच्यात सायन्स फिक्शनला लागणारं काय कमी आहे सांगा. प्राणी कोणाच्या मागे धावत नाही एवढंच.

उशीर करण्याबद्दल म्हणत होते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेल्या मातीच्या नळ्यांपैकी एक व्हॅक्यूममध्ये सीलबंद ठेवली आणि ती उघडली मार्च २०२२ मध्ये. जवळजवळ पन्नास वर्षं. ज्यांनी ती ठेवायचं ठरवलं त्यांना माहीत होतं की पुढच्या पिढीकडे आपल्यापेक्षा चांगली यंत्रं असतील, आणि ती उघडणाऱ्यांपैकी काही जण नळी भरली तेव्हा जन्मलेही नव्हते. उत्खनन करणारेसुद्धा याच कारणाने जागेचा एक भाग न खोदता सोडतात. आणि गॅलिलिओ यान आठवा, २००३ मध्ये इंधन संपत आल्यावर ते मुद्दाम गुरूच्या वातावरणात लोटून जाळलं, कारण युरोपा या गुरूच्या चंद्रावर बर्फाखाली समुद्र असू शकतो आणि त्यावर हे यान पृथ्वीचे जीवाणू घेऊन आदळायला नको. कॅसिनी यानाचं २०१७ मध्ये शनीवर तेच केलं, एन्सेलाडस आणि टायटन या शनीच्या चंद्रांसाठी. १९६७ च्या अंतराळ करारात दुसऱ्या ग्रहांना घातक दूषित करू नये असं लिहिलेलंच आहे. तिथे जीव आहेत की नाही हेही माहीत नसताना माणसांनी आपलं इतकं मोलाचं यंत्र नष्ट केलं. कोणी बघितलेलं नाही, कदाचित नसलेलंही, अशा जगाची इतकी काळजी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं, आणि मला अशी कथा हवी आहे जिच्यात क्लायमॅक्सला हिरो आपलं यान असं सोडून देईल.

अजून एक गोष्ट बोलायला पाहिजे, टाळून चालणार नाही. या कथांमध्ये आदिम जगात माणसंही दाखवतात, भाले घेतलेली, आणि त्यांना तिथल्या प्राण्यांच्या यादीत बसवतात. हे बंद व्हायला हवं. आज जी माणसं बाहेरच्यांशी संपर्क ठेवत नाहीत ती प्रागैतिहासिक नाहीत, ती आपल्याच काळातली आहेत आणि त्यांनी आपल्याला नको म्हटलंय. अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटाजवळ पाच सागरी मैलांच्या आत जायला कायद्याने बंदी आहे, आणि तिचं कारण इतिहासात आहे. १८८० मध्ये ब्रिटिशांनी तिथलं एक वयस्कर जोडपं आणि चार मुलं पोर्ट ब्लेअरला नेली, ती लगेच आजारी पडली, दोघं मोठी मेली, आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. आजारी मुलांना, भेटवस्तू देऊन. त्या बेटावर त्यानंतर काय झालं असेल हा विचार मला झोपू देत नाही. तिथे बाणांनी होणारं स्वागत बघून लोक त्यांना रानटी म्हणतात, मला तर ती पृथ्वीवरची सगळ्यात समजूतदार सीमा वाटते.

हे सगळं कथांपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. पण आत्ता, या क्षणी, एका खऱ्या अस्पर्श जगाबद्दल निर्णय चाललाय. पॅसिफिकमध्ये क्लॅरियन-क्लिपरटन नावाच्या पट्ट्यात चार ते सहा किलोमीटर खोल समुद्रतळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरलेत, निकेल, कोबाल्ट, मँगनीज असलेले, आणि ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. त्यांना चिकटून, त्यांच्या आडोशाला जगणारे जीव आहेत, त्यातल्या बहुतेकांना अजून नावंही नाहीत. १९७८ मध्ये तिथे खाणकामाची चाचणी म्हणून एक यंत्र फिरवलं, आणि २६ वर्षांनी शास्त्रज्ञ परत गेले तर त्याच्या चाकोरीची खूण तशीच होती, जणू काल केलेली. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणात नियमांवर वाद चालू आहेत, तीसहून जास्त देश म्हणतायत की आत्ता थांबा. थांबा म्हणणाऱ्यांना विकासाचे शत्रू, भित्रे, स्वप्नाळू म्हटलं जातं. आणि मला वाटतं याला आपल्या कथाही थोड्या जबाबदार आहेत, कारण लहानपणापासून आपण वाचत आलो की दार दिसलं की उघडायचं असतं आणि जो थांबा म्हणतो तो गोष्टीतला कंटाळवाणा म्हातारा असतो. त्या म्हाताऱ्याला एकदा तरी हिरो करा. त्याला लोभ नाही, भीती नाही, त्याला सगळ्यांपेक्षा जास्त उत्सुकता आहे, इतकी की उत्तर चुकीचं येण्यापेक्षा ते आपल्यानंतर येऊ दे असं तो म्हणतो.

कथा कंटाळवाणी होईल असं मला दोघांनी सांगितलं. मी नाही मानत. कार्बनी काळ घ्या, साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीचा, हवेत ऑक्सिजन आजपेक्षा बराच जास्त, सव्वादोन फूट पंखांचे चतुरासारखे कीटक, आणि एकही पक्षी नाही, एकही फूल नाही. दाराच्या फटीतून तो आवाज, ती ओल, तो वास येतोय आणि तुम्ही आत जायचं नाहीये, फक्त एक काचेची नळी आत सरकवायची आहे, भाजून निर्जंतुक केलेली, आणि तिच्यातून तीस सेकंद ऐकायचंय. कोण ऐकणार? पाच जणांत एकालाच ती संधी आहे. आणि त्यातला एक जण रात्री उठून गुपचूप दारापाशी गेला तर? तो वाईट नाहीये, त्याला नुसतं राहवत नाहीये. याच्यावर मी तीनशे पानं लिहू शकते.

कथा परत लिहायला घेतलीये. पहिलं प्रकरण पूर्ण बदललं. आता टीम दारापासून चाळीस पावलांवर तंबूत बसली आहे, पाचही जण अनवाणी, पांढऱ्या चादरीवर, मधोमध दिवा. भूगर्भशास्त्रज्ञ बाई स्वतःच्या सॉक्समधून चिमट्याने कुसळं काढतेय आणि सगळ्यात धाकटा मुलगा एकेक मोजून बरणीत टाकतोय आणि वहीत लिहितोय. बाहेर दाराकडून ओलसर, कुजलेल्या पानांचा वारा येतोय. धाकट्याने दोनदा विचारलं की आज जायचं का. ती म्हणाली, अजून डावा पाय राहिलाय.